चमकीच्या गाण्यातला ठेका

"आधी तोंड धुऊन या," नर्सने तिला वॉर्डच्या दारातच अडवलं. "त्या चकाकीचा एक कण जरी जखमेवर पडला, तर डॉक्टर मलाच फाडून खातील."

चमकीने बेसिनवर वाकून गाल खसाखसा चोळले. टीव्हीवरची मुलाखत संपली तशी ती थेट इथेच आली होती. पापण्यांवर रुपेरी चुरा, अंगात आरशांच्या टिकल्यांचं जाकीट. चार वाजता बाबांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापणार होते. त्याआधी सगळं सांगून टाकायचं, असं तिने गाडीत दहादा घोकलं होतं.

मुलाखतीत विचारलंच होतं, पहिल्याच गाण्याने एवढं वेड लावलं, त्यामागची गोष्ट काय? तिने हसत सांगितलं, गाण्यातला तो धाडधाड ठेका ड्रमचा नाही, माझ्या सुतार बाबांच्या बुटांचा आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढचं तिने गिळलं.

पुढचं असं होतं. तालमीत फळीवर आपटलेल्या बुटांचा आवाज बोदा येतोय म्हणून तिने नाक मुरडलं, तेव्हा बाबांनी घरी जाऊन बुटांच्या टाचांना चुका, म्हणजे लोखंडी खिळे, ठोकले. जन्मभर जाड फळ्यांत खिळे मारलेला माणूस; झिजलेली रबरी टाच किती पातळ, हे बघायचंच राहिलं. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगला पाय आपटून आपटून चुका आत तळव्यात घुसल्या. साखरेने बधिर झालेल्या पायाला पत्ताच नाही! सहाव्या वेळी फळीवर लाल ओल उमटली. चमकीला ती दिसली. रेकॉर्डिस्ट आवरायला लागला होता.

"अजून एकदा," ती म्हणाली. असं अजून एकदा, अजून एकदा करत अकरा वेळा झालं.

आणि आठवड्याने रेकॉर्डिस्ट सहज बोलून गेला, "बाबांचं चौथ्या वेळचंच ठेवलंय हं. पुढचं सगळं फुकट गेलं."

बाबा उशीला टेकून बसले होते. पट्ट्या गुंडाळून पायाचं भलंमोठं बोचकं केलेलं.

"काय गं, तुझं तोंड का उतरलंय? पाय माझा जातोय."

ती हसली नाही. खाटेच्या कडेवर बसली.

"बाबा, मला तेव्हा रक्त दिसलं होतं. फळीवर. तरी मी थांबवलं नाही तुम्हाला."

बाबांनी पांघरुणाची सुरकुती बोटाने सरळ केली.

"मलाही दिसलं होतं," ते म्हणाले. "म्हटलं, पोरीचं आत्ता कुठे जमतंय. मध्येच कशाला खोडा घालायचा?"

उरलेलं सांगायला चमकीने तोंड उघडलं, तेवढ्यात बाबाच बोलले.

"ते जाऊ दे. एक विचारायचं राहूनच गेलं बघ. गाण्यात कितव्या वेळचं घेतलं?"

बाहेर स्ट्रेचरची चाकं कुरकुरत जवळ येत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"शेवटचं, बाबा."

"वाटलंच मला!" बाबांचा चेहरा फुलला. "शेवटी शेवटी काय बसला होता ठेका! पहिले चार-पाच म्हणजे नुसता धसमुसळेपणा."

नर्स आत आली. त्यांना स्ट्रेचरवर घेता घेता ती सवयीने तेच गाणं गुणगुणत होती.

"ऐकलंत का बाई, शेवटचं घेतलंय!" बाबा तिला म्हणाले.

"हो का?" म्हणत नर्सने बाजूचा कठडा वर केला.

चमकीने दांडा धरला आणि त्यांना ऑपरेशनच्या दारापर्यंत ढकलत नेलं. वाटेत भेटेल त्याला बाबा तेच सांगत होते.