तनासेचा सदरा

मी एक जुना सदरा आहे, जवसाच्या जाड धाग्याचा. कार्पेथियन डोंगरातल्या एका खेड्यात सावेताने मला मागावर विणले, हाताने शिवले आणि आपल्या नवऱ्याच्या, तनासेच्या अंगावर चढवले.

तनासे रानात झाडे तोडायचा. संध्याकाळी तो दारात आला की सावेता नाक धरायची.

“तिथेच थांबा! गाय दूध द्यायची नाही अशानं.”

“तिला सांग, धनी आलाय,” तो हसायचा. पाच वर्षांची इलिंका मात्र धावत जाऊन त्याला बिलगायची.

मित्रांनो, दोष घामाचा नव्हता. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. पण काखेतला घाम जरा दाट. तिथे डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. ते घामातले अंश खातात आणि मागे जे उरते, त्याला वास येतो. प्रत्येक अंगावरची ही वस्ती थोडी निराळी, म्हणून प्रत्येकाचा वासही निराळा. माझ्या धाग्यांत तनासेचा वास मुरला होता.

हिवाळ्यात रानात एक ओंडका घसरला. तनासे परतला नाही. मी तेव्हा धुण्याच्या टोपलीत होतो. इलिंकाने मला शोधून काढले. त्यानंतर ती माझ्याशिवाय झोपेना.

आमच्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे धुऊन दान करतात. इथे दिलेले त्याला तिकडे मिळते, असे मानतात.

“बाकी सगळं दिलंय, आई. हा एक राहू दे पोरीला,” सावेता म्हणाली.

“आणि माझ्या लेकराला तिकडे थंडी वाजू दे?” तनासेची आई रडू लागली. “नीट धुऊन दे हो. नाहीतर तिथे म्हणतील, याला घरी कोणी नव्हतं का?”

सावेताने चूल पेटवली. तिने मला राखेच्या पाण्यात उकळले. वाफ निघाली, आणि माझ्यात त्याचे जे काही उरले होते, ते गेले.

मी शेजारच्या गावरिलकडे गेलो. तोही लाकूडतोड्याच. उन्हाळ्यात एकदा तो घामाने निथळत कुंपणापाशी आला. इलिंकाने मला ओळखले. धावत येऊन तिने माझी बाही नाकाला लावली. मग सोडून दिली.

“वास मारतोय ना, पोरी? धुतो हं उद्या,” गावरिल ओशाळला.

“नको, काका. हा तुमचा वास आहे.”

आजी दारातून पाहत होती. “सावेता,” तिने हळूच विचारले, “माझ्या तनासेला पोचला असेल ना गं सदरा?”

सावेताने इलिंकाला जवळ ओढून घेतले.

मित्रांनो, मी वास सांभाळू शकतो, पण गेलेला परत आणू शकत नाही. कपडे जरूर धुवा. पण घरातले कोणी नुकतेच गेले असेल, तर त्याचा शेवटचा कपडा पाण्यात घालण्याआधी घरातल्या लहानग्यांना एकदा विचारा.