कुंकू लागलेला पंप

मी पंप बोलतोय. हसू नका. आणि 'किती एचपीचा?' हे तर मुळीच विचारू नका. आमच्या विचुंबे गावातल्या प्रत्येक शहाण्याने ते विचारून झालंय.

मी नखाएवढा. माझ्या पोटात एका खास धातूची पट्टी आहे. खाली चुंबक फिरला की तिला खळगा पडतो, तो पुढे सरकतो आणि औषधाचा इवलासा थेंब बरोबर नेतो. ना दट्ट्या, ना झडप, ना आवाज. धडधड ऐकू आल्याशिवाय ज्यांना काम होतंय असं वाटत नाही, त्यांना हे काय कळणार!

मला प्रांजलने घडवलं, पनवेलच्या कॉलेजात तीन वर्षं खपून. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परीक्षकांपुढे मी चाललो, तर तिला बंगळुरूच्या प्रयोगशाळेत जागा मिळणार होती. नाहीतर बाबांच्या ऑफिसात बसून फ्लॅट विकायचे. या बाबांनी, काशीरामशेटनी, मला एकदा तळहातावर घेतलं आणि विचारलं, "टाकी किती वेळात भरंल?" त्या दिवसापासून मी त्यांना माणसांत धरत नाही.

खंडेनवमीला तिच्या आईने, भामाने, कोयता, मिक्सर आणि पाण्याच्या मोटारीशेजारी मलाही पाटावर मांडलं. मला, त्या गंजक्या मोटारीशेजारी! "तुजी पन पूजा कराला नको का रं?" म्हणत तिने माझ्या तोंडाशी कुंकवाची चिमूट सोडली, वर पाणी शिंपडलं. केसाएवढ्या वाटेत कुंकू जाऊन बसलं.

पूजेतलं हत्यार दसरा होईपर्यंत चालवायचं नाही, ही या घरची रीत. प्रांजलने ती पाळली. एवढी शिकलेली मुलगी! एकदा चालवून पाहिलं असतं, तर तिथेच कळलं असतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला पुसून डबीत घातलं आणि निघाली.

परीक्षकांपुढे चुंबक फिरला. खळगा पडला, सरकला आणि अडकला. थेंब आलाच नाही. प्रांजलने मला भिंगाखाली धरलं, लाल कण पाहिले आणि मला परत डबीत घातलं. परीक्षक घड्याळ पाहत म्हणाले, "नेक्स्ट."

"चालला ना गो?" भामाने दारातच विचारलं.

"मस्त चालला, आई. जागा दुसऱ्याला मिळाली."

खोटारडी. मला तिचा मनापासून संताप आला.

चांगला चालला म्हणून भामाने मला देव्हाऱ्यात बसवलंय. प्रांजल फ्लॅट दाखवायला जाते, माझ्याकडे बघत नाही. भामा मात्र रोज माझ्यावर नवं कुंकू वाहते आणि हात जोडते, "माज्या पोरीला आजून एक चानस दे रं देवा." कुणीतरी या बाईचा हात धरा हो.