काटा वर, आवाज नाही

दसऱ्यापासून चौथ्या दिवशी विश्राम पेठे यांनी बायकोला सांगितलं, की रेडिओ आता कुणाला तरी देऊन टाकावा. प्रमोदिनी गवार मोडत होत्या. त्यांनी कारण विचारलं नाही. चार दिवस त्या पाहतच होत्या.

वर्तकनगरच्या त्या घरातून विश्राम गेली बावीस वर्षं रोज सकाळी सातला हौशी रेडिओवाल्यांची हजेरी घेत. दसऱ्यापासून जोरकस स्टेशनं ऐकू येत होती, बारीक आवाजाची येतच नव्हती. गुहागरचा धोंडीबा जेमतेम पाच वॅटवर बोलायचा. त्याला त्यांनी सलग चार दिवस गैरहजर मांडलं आणि तो बोलत असताना त्याच्यावरच बोलत राहिले. त्यांचं बोलणं मात्र सगळ्यांना खणखणीत पोचत होतं.

टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं बिघाड शोधलेल्या माणसाने पद्धत सोडली नाही. सेट बंद करून गच्चीवरची अँटेना उतरवून पाहिली, केबलचे जोड नव्याने डाख देऊन पक्के केले. समोर कोणी बोलत नसतानाही सेटवरचा सिग्नलचा काटा वरच उभा राही. इमारतीतल्या कुठल्यातरी दिव्यांचा गोंगाट शिरत असेल म्हणून त्यांनी दोन दिवस सातला जिन्यातले दिवे बंद करायला लावले. काटा हलला नाही. मग त्यांनी निष्कर्ष काढला : काटा गोंगाट दाखवतोय आणि आपल्याला साधी खरखरही ऐकू येत नाही, म्हणजे बिघडलेत ते कान. वय त्र्याहत्तर.

प्रमोदिनींनी कानाच्या डॉक्टरांची सोमवारी अकराची वेळ घेतली आणि डोंबिवलीला केदारला फोन केला. केदार विश्रामचा खात्यातला जुना सोबती.

शनिवारी पावणेसातला केदार दारात हजर झाला. हातात स्वतः बांधलेला, जेवणाच्या डब्याएवढा सेट. मोठ्या सेटची अँटेना काढून त्याने आपल्या सेटला लावली आणि विश्रामच्या हातात कागद-पेन्सिल दिली. ऐकू येईल ते लिही, म्हणाला.

विश्रामनी लिहिलं : धोंडीबा. गुहागर. आजतरी हजेरी लावा की हो साहेब.

लिहून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा वाचलं. हे त्यांच्याच कानांनी ऐकलं होतं.

केदार तोवर मोठ्या सेटसमोर वाकला होता. "विश्राम, अरे, अँटेना काढलीये तरी तुझा काटा वर. मग गोंगाट येतोय कुठून?"

त्याने आवाजाच्या बटणाभोवतीचं बाहेरचं कडं फिरवलं. काटा शून्यावर आला. कड्याच्या फटीत थोडं कुंकू होतं.

खंडेनवमीला सेटची पूजा विश्राम स्वतः करत. यंदा बटणावर कुंकू सांडलं, ते त्यांनी कापसाच्या काडीने दहा मिनिटं निगुतीने साफ केलं. त्यात कडं फिरलं. सेटची ऐकण्याची ताकद त्या कड्यावर ठरते; ती कमी केली की सेट बहिरा होतो आणि काटा आपोआप चढतो, हे त्यांनी प्रत्येक नवशिक्याला शिकवलं होतं. स्वतःच्या सेटवर त्या कड्याला बावीस वर्षांत कधी हात लावावा लागला नव्हता.

अँटेना परत जोडल्यावर त्यांनी धोंडीबाची हजेरी घेतली, मागच्या चार दिवसांसकट. केदार चहा पिऊन निघाला.

"सोमवारची वेळ रद्द करू ना?" विश्रामनी विचारलं.

"नको," प्रमोदिनी म्हणाल्या. "केदार आला तेव्हा त्याने तीनदा बेल वाजवली. तुम्ही दारापाशीच होतात."

सोमवारी विश्राम सव्वादहालाच तयार होऊन बसले.