दुकानातून कुणी हलेना

बोलता-बोलता तिची बोटं टेबलावर ठेका धरत, म्हणून ऑफिसात सगळे तिला टिकटिकताई म्हणत. गेली बावीस वर्षं ती व्हिडिओ गेमना संगीत देत होती. सुरुवातीच्या मशीनमधून एका वेळी तीनच सूर निघत. तेवढ्यांवर तिने लढाया रंगवल्या, जहाजं बुडवली. पुढे इतरांनी शंभर वाद्यांचे ताफे आणले, तरी हिचा हात आखडताच राहिला. "खेळणारा तीच धून दोनशे वेळा ऐकतो. गोडाचंही अजीर्ण होतं," ती म्हणायची.

नव्या गेममध्ये डोंगराच्या पायथ्याशी कंदिलांचं दुकान होतं. खेळाडूने कंदील घ्यायचा आणि वर निघायचं. दुकानासाठी ताईने चार वाद्यांची धून बांधली आणि मटार सोलत बसलेल्या आईला ऐकवली. कशालाच पटकन बरं न म्हणणारी आई म्हणाली, "पुन्हा लाव."

सोमवारी गेमचा दिग्दर्शक तणतणत आला.

"ताई, काय करून ठेवलंत! गेम तपासणारे बाराही जण दुकानात ठाण मांडून बसलेत. एक तर डबा उघडून जेवतोय! डोंगर कोण चढणार?"

"मग मी काय करू?"

"धून जरा वाईट करा ना."

हसावं की रडावं, तिला कळेना. तरी तिने बासरी बेसूर केली, ठेका लंगडा केला. ते ऐकून आईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "बरं नाही का गं तुला?"

ताईने ते सगळं पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी ती प्रोग्रामरच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. "खेळाडू दुकानात रेंगाळला, की एकेक वाद्य गप्प करायचं. बाहेर पडला, की परत आणायचं. आणि चढावर पाचवं, व्हायोलिन. ते दुकानात ऐकूच यायचं नाही."

जेवायच्या सुट्टीआधी बाराही जण डोंगरावर होते. दिग्दर्शकानेही "दोनच मिनिटं" म्हणत कंट्रोलर घेतला आणि तासाभराने मान वर केली.

"ताई, ते व्हायोलिन चढावरच्या पुलापर्यंत पुरवता येईल?"

"पुरवू की!"

गेम बाजारात आला आणि चालला. महिन्याभराने एका निवृत्त पोस्टमनचं पत्र आलं: गुडघ्यांमुळे माझं चालणं सुटलंय, पण तुमचा डोंगर रोज चढतो; पुलापलीकडेही थोडं वाजवा.

पत्र वाचून होईतो ताईची बोटं टेबलावर नाचू लागली होती.