सोवळ्यातला सर्व्हर

ज्या कल्पनेची मला किळस येते तिचा सगळा कोड मीच लिहिला आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी सरांना नावं ठेवायला लागले की कुणी मला साळसूद समजायला नको.

सर म्हणजे डॉ. चिंतामणी, माझे पीएचडीचे गाइड. जबलपूरच्या एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात ते कॉम्प्युटर सुरक्षा शिकवतात. भोसल्यांच्या वेळी आपले पूर्वज इथे दफ्तरदार म्हणून आले, हे ते ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला सांगतात. आम्ही शहराच्या टोकाच्या रांझीचे. माझे बाबा, रामराव, तिथल्या फॅक्टरीत लेथवर होते. आजोबा अमरावतीकडून कुणाच्या वेळी आले, ते आमच्यात कुणी मोजलेलं नाही.

सरांना ही कल्पना तीन वर्षांपूर्वी लॅबमध्ये चहा पिताना सुचली. सुरक्षेच्या संशोधनात आता काहीतरी हटके दिलं तरच विचारतात, असं त्यांचं म्हणणं. "सगळं जग आज सांगतंय, नेटवर्कमध्ये कुणावरही आपोआप विश्वास ठेवू नका. अरे, हे आपल्या आज्यांनी कधीच सोडवलंय! सोवळं म्हणजे दुसरं काय? बाहेरून आलेला प्रत्येक जण ओवळा. पोटचा मुलगा असला तरी आधी अंघोळ, मग स्वयंपाकघर."

झालं. तेच नेटवर्कला लावायचं ठरलं. प्रत्येक लॅपटॉप, प्रत्येक फोन ओवळा. आत यायचं तर दर वेळी तपासणीची अंघोळ. बाहेरच्या अनोळखी ठिकाणाला एखादं मशीन शिवलं तर त्याला विटाळ, मग ते बाजूला बसणार. सिस्टिमचं नाव 'शुचि'. आणि खरं सांगायचं तर ती चालत होती. बऱ्याच महागड्या सिस्टिमपेक्षा बरी चालत होती, याचा मला जास्तच राग येतो.

विटाळ झालेलं मशीन किती वेळ बाजूला ठेवायचं, असं मी विचारलं. तपासणी होईपर्यंत ठेवलं की पुरे, असं माझं मत होतं.

"चार दिवस," सर म्हणाले.

"चारच का, सर?"

"अंजनी, आता तुला तरी मी समजावून सांगायला हवं का?"

लॅबमधले चौघे मुलगे कीबोर्डकडे बघत हसले. मी काय केलं? मी चार टाइप केलं. एक ओळ, एक आकडा, एंटर. घरी जाऊन जेवले नाही, पण तो आकडा काही मी बदलला नाही. वर्षभर रोज सकाळी ती फाइल उघडायची आणि त्या ओळीवरून नजर पुढे सरकवायची, जसं आपण रस्त्यावर पडलेल्या मेलेल्या उंदराला वळसा घालतो.

शुचिमध्ये एक भोक होतं. प्रत्येक सिस्टिमला एक कामाचं खातं लागतं. जुन्या फाइली झाडायच्या, प्रती काढून ठेवायच्या, दुरुस्त्या चढवायच्या, असली कामं ते खातं करतं, म्हणून त्याचा हात सगळीकडे पोचतो. नियमाप्रमाणे त्यालाही दर वेळी अंघोळ हवी. पण मग कामं तुंबायची. सर म्हणाले, "त्याचं काय एवढं? कामाचं खातं आहे ते. आत घेताना वरून पाणी शिंपडायचं, संपलं." म्हणजे त्या खात्यातून जे येईल त्यावर शुद्धीचा एक शिक्का आपोआप बसणार. आणणारा कोण, हे कुणीच बघणार नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी त्यांना सांगितलं की हे खातं ज्याच्या हाती पडेल तो कुठेही जाईल. सर म्हणाले, "ते कोण कशाला वापरेल? ते फक्त साफसफाई करतं." मग मी ईमेल केली. मग परत केली. तिसऱ्या ईमेलला उत्तर आलं: हात जोडलेलं एक चित्र.

हे भोक मला काही फार हुशारीने सापडलं नव्हतं. माझी माय, सत्यवती, सरांच्या आईकडे अकरा वर्षं भांडी घासायची. कुंदाबाईंचं सोवळं कडक. माय मागच्या दाराने यायची, अंगणातल्या नळाशी बसून भांडी घासायची. कुंदाबाई त्यांवर तांब्याभर पाणी ओतायच्या आणि मगच भांडी आत जायची. मी पायरीवर बसून पाढे लिहायची. नातवंडांनासुद्धा त्या घरात दहा ठिकाणी अडवलं जायचं. पण कुठलं कपाट कुठल्या किल्लीने उघडतं, दागिने कुठल्या डब्यात, सुनेशी भांडण कशावरून, सगळं घरभर केर काढत फिरणाऱ्या मायला ठाऊक होतं. तिच्यापासून कुणी काही लपवायचंच नाही. लपवायला आधी माणूस समोर आहे असं वाटावं लागतं. सर त्या घरात वाढले, म्हणून त्यांना ते भोक दिसलं नाही. पायरीवर बसलं असतं तर दिसलं असतं.

मी सत्यवतीची मुलगी हे सरांना पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी कळलं. "अरे! आमच्या सत्यवतीची तू?" तेव्हापासून पाहुणे आले की ते माझी ओळख तशीच करून देतात. मी किती पेपर लिहिले ते राहून जातं.

यंदा फेब्रुवारीत कॉलेजमध्ये परिषद भरली. विषय होता 'सायबर सुरक्षेतले नवे, वेगळे विचार'. भोपाळ, नागपूर, इंदूरहून मंडळी आली होती. माझा प्रबंध बांधून तयार होता. तो जमा करायच्या अर्जावर सरांची सही हवी होती आणि मुदत सोमवारी संपत होती. भोपाळच्या एका कॉलेजात नोकरी लागत होती, ती या सहीवर अडलेली. सहा वर्षं झाली होती. शिष्यवृत्ती कधीच संपली होती आणि बाबा पेन्शनमधून मला बसभाडं देत होते. सर गुरुवारपासून म्हणत होते, "कार्यक्रम होऊ दे, लगेच करतो. आणि हो, शनिवारी आईला घेऊन ये."

"मले काहून? माह्यं काय काम तिथं?" माय म्हणाली. पण तिने ठेवणीतली साडी काढली आणि दोनदा इस्त्री करायला लावली.

सर हिंदीत बोलले, मी मराठीत सांगते. सुरुवात छान केली. मग कुंदाबाईंचा तांब्या आला, देवघर आलं, परंपरेचं विज्ञान आलं. "आणि डिव्हाइस बाहेरची झाली," असं म्हणून सर थांबले, मिशीतल्या मिशीत हसले, "की चार दिवस कोपऱ्यात!" सभागृह खदखदून हसलं. पुढच्या रांगेतल्या दोन प्राध्यापिका तोंडावर हात ठेवून हसल्या. पडद्यावर तीच ओळ होती, माझी, मोठ्या अक्षरांत.

मग सरांनी मायला मंचावर बोलावलं.

"ही सत्यवतीबाई. आमच्या घरी अकरा वर्षं काम केलं. आई तिच्यासमोर भांड्यांवर पाणी ओतायची, पण हिला कधी वाईट वाटलं नाही. आणि आज हिचीच मुलगी माझी विद्यार्थिनी आहे. याला म्हणतात परंपरा आणि प्रगती!" शाल आली, श्रीफळ आलं, टाळ्या आल्या. माय नारळ छातीशी धरून उभी होती आणि नुसत्या ओठांनी हसत होती. कुंदाबाईंसमोर ती तशीच हसायची. वाईट वाटलं नाही हे सरांना कुणी सांगितलं? तिने? कधी विचारलं होतं त्यांनी?

तिला मंचावरच खुर्ची दिली. मग सरांनी आव्हान दिलं. समोर ठेवलेल्या मशीनवरून कुणीही पंधरा मिनिटांत शुचिमध्ये शिरून दाखवावं. इंदूरचे दोघे बसले, घाम पुसत उठले. नागपूरचे एक गृहस्थ हरले आणि सरांची पाठ थोपटून गेले.

"सर, मी बसू?"

"बस की! घरचीच आहेस," सर म्हणाले. सगळे परत हसले.

मला आधीपासून ठाऊक असलेला एकही पासवर्ड मी वापरला नाही. साफसफाईच्या नोंदींचं फोल्डर सोवळ्याबाहेर होतं, कुणीही उघडावं. त्यात कामाच्या खात्याचा पासवर्ड उघडा लिहिलेला होता, जसा सगळीकडे असतो. त्या खात्यातून मी आत गेले. शिक्का आपोआप बसला. चार मिनिटं लागली असतील. पडद्यावर सरांचा सगळा संसार उघडला: पुढच्या महिन्याच्या प्रश्नपत्रिका, पगाराची कागदं, आणि ईमेल. तारांकित करून ठेवलेल्यांत वरून तिसरी माझी होती, त्या भोकाबद्दलची. म्हणजे वाचली होती. नुसती वाचली नव्हती, जपून ठेवली होती.

सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला; मी तो उतरताना पाहिला आणि मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं दहा सेकंद टिकलं असेल.

"वा!" सरांनी माइक उचलला. "हेच! हेच दाखवायचं होतं मला. प्रत्येक परंपरेत एक अदृश्य दार असतं, आणि आमचं पुढचं संशोधन त्याच दारावर आहे. हे दार आम्ही मुद्दाम उघडं ठेवलं होतं. काय अंजनी, आपलं ठरलं होतं ना?"

त्यांनी माइक माझ्यापुढे धरला. दुसरा हात कोटाच्या खिशावर होता, आणि खिशातून माझ्या अर्जाचा कोपरा दिसत होता. तो त्यांनी मुद्दाम दाखवला असं मी म्हणणार नाही. मुद्दाम दाखवायची गरज नव्हती.

मी मायकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"हो सर," मी म्हणाले.

टाळ्या कडाडल्या. पाठ थोपटणारे नागपूरचे गृहस्थ उभे राहिले. सरांनी तिथेच टेबलावर सही केली, त्याचा फोटो निघाला. फोटोत मी हसते आहे. तो फोटो कॉलेजच्या भिंतीवर आहे, आणि मी त्यात नुसत्या ओठांनी हसते आहे.

दुपारी आम्ही रांझीला जायला ऑटो केली. मायने शाल घडी करून मांडीवर ठेवली होती. गाड्या बघता बघता तिने विचारलं,

"झाली ना सही?"

"झाली."

"अच्छा. चलो, बरं झालं." मग थोडं थांबून म्हणाली, "त्याले ते दार माहीत नव्हतं."

"तुला काय कळलं गं?"

"मशीनचं मले काय कळते? तोंड पाहिलं मी त्याचं. अन् तुह्यंबी पाहिलं."

ऑटोवाल्याने हॉर्न दिला, समोरची म्हैस हलेना.

"मी कुंदाबाईले अकरा वर्ष 'हो बाई' म्हटलं," माय म्हणाली. "काहून? तर घरी पोरगी शिकून राहिली होती. तिले असं म्हणायची पाळी येऊ नये. तू काहून म्हटलं?"

"सही अडली होती, माय. नोकरी अडली होती. सहा वर्षं गेली असती."

"हो, बाई. खरं आहे." तिने मान हलवली, रागाने नाही, समजल्यासारखी. मला ते रागापेक्षा वाईट लागलं. "म्हणजे तुह्यं-माह्यं काम एकच. मी खाली बसून करत होती. तुले खुर्ची भेटली."