सात मिनिटांचा माणूस

तुफानचं खरं नाव आता कुणाच्या लक्षातही नव्हतं. रक्त तपासणाऱ्या त्या चार मजली प्रयोगशाळेत शिपायापासून संचालिका बाईंपर्यंत सगळे त्याला तुफानच म्हणत. माणूस मात्र इतका संथ, की हातातला चहा निवून त्याच्यावर साय धरायची. नाव पडलं ते एका पराक्रमामुळे.

सहा वर्षांपूर्वी प्रयोगशाळेची सगळी कामं, नमुन्यांच्या नोंदींपासून रिपोर्टपर्यंत, तळघरातल्या एका मोठ्या सर्व्हरवर आली. त्या एका यंत्राच्या पोटात अकरा आभासी मशिन्स होत्या. प्रत्येकीला वाटे, आपण स्वतंत्र कॉम्प्युटर आहोत. डिस्क मात्र सगळ्यांची एकच. अकरा बिऱ्हाडं आणि नळ एक, असा तो संसार. सकाळी दहाला सगळ्यांची एकदमच झुंबड उडायची आणि एक रिपोर्ट सेव्ह व्हायला पाऊण मिनिट लागायचं. रांग जिन्यापर्यंत जायची. बाई म्हणाल्या, "दोन दिवसांत काहीतरी कर, नाहीतर मी दुसरा माणूस बघते."

तुफानने एक सेटिंग बदललं. मजकूर डिस्कवर उतरायच्या आधीच, नुसता मेमरीत आला, की सर्व्हरने सांगून टाकायचं, लिहून झालं. खरं लिखाण मागाहून, सवडीने. झालं, सगळं सुसाट सुटलं. काउंटरवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. धोका एवढाच होता, की वीज एकदम गेली तर मेमरीतलं सगळं पुसलं जाणार, 'लिहून झालं' म्हणून सांगितलेलंसुद्धा. वेगवान डिस्क येईपर्यंतच हे चालवायचं, असं त्याने मनाशी ठरवलं. डिस्कसाठी अर्जही केला. बाई हसल्या. "अरे, पळतंय ना सगळं? मग डिस्क कशाला?" यावर काय बोलणार, कप्पाळ! तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. त्याने ते मिटून घेतलं.

वीज गेली की सर्व्हर बॅटरीवर सात मिनिटं तग धरायचा. तेवढ्यात तळघरात पोचून अकराही मशिन्स नीट बंद केल्या, तर मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरे. बंद करायला तीन मिनिटं लागत, म्हणून त्याने खोली घेतली ती चार मिनिटांवर. न्हावी गाठला तो अर्धी दाढी झालेली असताना उठू देणारा. नदीकाठ नऊ मिनिटांवर होता, तेव्हा नदी त्याच्या लेखी नव्हतीच. एकदा लग्नाचं जमत आलं होतं. मुलगी म्हणाली, नदीवर जाऊ, आणि हा चौकातूनच मागे फिरला. ते तिथेच फिसकटलं. मशिन्स बंद करायचं दुसऱ्या कुणाला शिकवावं, तर तो विचारणार, एवढी जिवाची घाई कशासाठी? म्हणून तेही राहिलं.

आणि मग ताईचा फोन आला. ताई त्याची थोरली बहीण, एका दिवसाच्या प्रवासावर राहणारी. आई तिच्याकडेच असे आणि आईला आधाराशिवाय उठता येत नसे.

"गुरुवारी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे," ताई म्हणाली. "महिनाभर ये बाबा. आईला उठवायला-बसवायला कुणीतरी हवं. सहा वर्षांत कधी बोलावलं का तुला?"

नव्हतं बोलावलं. "येतो," तो म्हणाला.

सोमवारी काउंटर उघडण्याआधी त्याने ते सेटिंग पुन्हा मूळ होतं तसं केलं. आता वीज गेली तरी सेव्ह झालेलं काही हरवणार नव्हतं आणि त्याला जाता येणार होतं. दहा वाजता रांग जिन्यापर्यंत गेली. सव्वादहाला बाई तरातरा तळघरात उतरल्या.

"तुफान, काय करून ठेवलंस?"

त्याने सगळं सांगितलं. "आणि एकदा वीज गेली तेव्हा जिन्यात माझा पाय मुरगळला, बाई. पोचायला दहा मिनिटं लागली. सतरा रिपोर्ट गेले. मी म्हटलं, नमुने खराब झाले. सतरा जणांना पुन्हा सुया टोचल्या आपण."

बाई स्टुलावर बसल्या. "कुणाकुणाला माहीत आहे हे?"

"आता दोघांना."

"डिस्क आजच मागवते. तीन आठवडे तरी लागतील. तोवर ते सेटिंग परत चालू कर."

"मग मशिन्स बंद करायचं कुणाला तरी शिकवू द्या. मला गुरुवारच्या आत घरी पोचायचंय."

"आणि त्याने का म्हणून विचारलं तर? त्या सतरा जणांचं सांगणार? टाळं लागेल इथे. वर साठ माणसं काम करतात."

"मी नाही चालू करणार, बाई."

"नको करूस. वर चल आणि रांगेला तूच सांग."

तो वर गेला. एक म्हातारे गृहस्थ दंडावर कापूस दाबून पायरीवर बसले होते. एका बाईच्या खांद्यावर तापाने मलूल झालेलं मूल होतं. "डॉक्टर रिपोर्टसाठी थांबलेत हो," ती काउंटरवर पुन्हा पुन्हा सांगत होती. तुफानने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. तो तसाच खाली गेला आणि त्याने ते सेटिंग चालू केलं. कुणी हात धरून करायला लावलं नव्हतं, हेच त्याला जास्त लागलं. पंधरा मिनिटांत रांग ओसरली. "बघा, याला म्हणतात तुफान!" काउंटरवरून कुणीतरी ओरडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्या नावाची किळस आली.

मागच्या अंगणात जाऊन त्याने फोन लावला.

"बोल," ताई म्हणाली. "परवा किती वाजता पोचतोस?"

"ताई, तारीख तीन आठवडे पुढे नाही का ढकलता येणार?"



"आठ महिन्यांनी मिळालीय रे ती तारीख," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आणि आईला मी सांगून बसलेय, तू येतोयस म्हणून. सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसलीय ती. परवा येणार म्हटलं तरी ऐकत नाही. आता तिला आत कशी नेऊ, तेवढं तू सांग."