आजही पिंजतात

लॅपटॉपच्या दोन कळांच्या मधे एक तंतू अडकला होता – पांढरा, केसाहून बारीक, फुंकर मारली की हलायचा पण निघायचा नाही. गझालानं ओढणीची पिन काढून टोकानं तो उचलायचा प्रयत्न केला, तर तो आणखी आत गेला. आर्णीसारख्या कापसाच्या गावात तंतू कुठंही सापडावा, त्यात नवल नव्हतं. पण हा घरातलाच होता. अकरा वर्षं या घरात रुई सुटी झाली नव्हती, मग हा आला कुठून... आणि तिची पिन थांबली, कारण मागच्या खोलीतून अर्ध्या तासापासून काहीतरी उसवत असल्याचा बारीक आवाज येत होता, आणि तो आपल्याला ऐकू येतोय हे तिनं आत्तापर्यंत स्वतःला कळू दिलं नव्हतं.

अब्बा जुनी गादी फोडत होते.

साडेतीनला मीटिंग. शाळेतून अर्धी रजा टाकून ती आली होती. सातवीच्या मुलांना निसर्गचित्र काढायला सांगून निघताना मुख्याध्यापकांनी विचारलंही, फॉरेनचं काम आहे ना आज? साऱ्या गावाला माहीत होतं. पोर्तुगालात तेव्हा सकाळचे अकरा वाजलेले असतील, आणि इनेस – तिची मार्गदर्शक, तिकडच्या डोंगरातल्या एका लोकरीच्या गावात, गझाला इथं भरवते तसाच मेळा भरवणारी पन्नाशीची बाई – आज एकटी नसेल. निधी देणाऱ्या संस्थेचे दोघं तिच्यासोबत पडद्यावर येणार होते. त्यांना बाकी काही नको होतं. फक्त पाच मिनिटं अब्बांना, साऱ्या गावाच्या रहमतचाचांना, काम करताना पाहायचं होतं.

तीन वर्षांपूर्वी, बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या आवारात तिनं पहिला मेळा भरवला तेव्हा गावानं त्याचं नाव ठेवलं होतं – काड्यायचा मेळा. फ्लेक्स नाही, थर्माकोल नाही, डिझेलचा जनरेटर नाही. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या कमानी, जुन्या लुगड्यांचे पडदे, गावातल्या बापूजींच्या शेतातून आणलेल्या सोलरवर लागणारे दिवे, आणि तांड्यावरच्या जमनीबाई आपल्या बायका घेऊन बसलेल्या, भरतकाम करता करता गाणाऱ्या. दुसऱ्या वर्षी हसणारे कमी झाले. आणि यंदा ही योजना आली: इथलं एक गाव, तिकडचं एक गाव, दोघांनी मिळून पर्यावरणाला ओझं न होणारा मेळा करायचा, तीन वर्षांचा निधी, शिवाय शिकवायला एक जाणतं माणूस. पाच महिने दर गुरुवारी इनेस तिला शिकवत होती. मेळ्याचा कचरा वजन करून कसा मोजायचा, किती लोक एस.टी.नं आले आणि किती गाड्यांनी हे कसं टिपायचं, पाहुण्या कलावंताला विमानानं आणण्याऐवजी त्याचं काय काय दुसऱ्या वाटेनं आणता येतं... आणि नाही कसं म्हणायचं. हे शेवटचं इनेस हसून शिकवायची. गझालानं तिला सगळं सांगितलं होतं – मोडलेलं लग्न, भावानं नागपूरला थाटलेला संसार, पहिल्या मेळ्यात कमान कोसळली तेव्हा जिनिंगमागे जाऊन रडली होती तेसुद्धा. सगळं. एक सोडून.

अर्जात एक वाक्य होतं. माझे वडील हातानं कापूस पिंजायचे. तेवढं लिहून ती उठली होती, चहा उतू जायला आला होता म्हणून. परत येऊन बसली, वाक्य वाचलं, आणि क्रियापदाचा काळ बदलला. आजही पिंजतात. कुणाला फसवायचं म्हणून नव्हे – ते वाक्य तसं जास्त सरळ उभं राहत होतं, एवढंच. मग इनेसनं नेमकं तेच वाक्य उचललं. तिच्या गावात हातमागांच्या आवाजांवर काम करणारा एक वादक होता. त्याच्या मागांचा आवाज आणि रहमतच्या पिंजणाचा आवाज, दोन गावं दोन आवाजांनी जोडलेली... बघता बघता त्या एका क्रियापदावर मजले चढत गेले, आणि जमनीबाईंच्या गटानं तिकडं पाठवायचं कापड भरायलाही घेतलं.

ती उठून मागच्या खोलीच्या दारात गेली. अब्बांनी माळ्यावरून पिंजण काढलं होतं – पुरुषभर लांबीचं ते लाकडी धनुष्य भिंतीला टेकलेलं, त्याची दोरी, तात, पुन्हा ताणून बांधलेली. ती कधी ताणली? चटईवर रुईचा ढीग, पिवळट, गोळे गोळे झालेला. अम्मी – कमरुन्निसा – उंबऱ्यातच बसली होती, जणू वाट अडवून.

"विचार यांले," अम्मी तिच्याकडे न बघता म्हणाली. "यवतमाळच्या डॉक्टरनं काय सांगितलं होतं, विचार. आता फॉरेनच्या लोकायले म्हाताऱ्याचा दम दाखवतं का?"

"मी पिंजायला नाही सांगितलंय त्यांना, अम्मी. त्यांनी फक्त शेजारी बसायचं..."

"बसाले पिंजण लागते काय?"

अब्बा हसले. घरात ते दख्खनी बोलत, पण गंमत करायची असली किंवा काही लपवायचं असलं की वऱ्हाडीत शिरत. चाळीस वर्षं सायकलवर पिंजण बांधून खेडी पालथी घातली होती, तिथं मिळालेली ती भाषा. "पाच मिनिटाचा तं खेळ आहे," ते म्हणाले. "तू कॅमेरा लाव, बेटा."

म्हणजे ते लोक काय बघायला येताहेत हे त्यांना ठाऊक होतं. किती? तिनं त्यांना फक्त बसायचं सांगितलं होतं, ही गोष्ट खरी. पण कालपासून चहा देताना ती त्यांच्या हातांकडे बघत होती, त्यांनी पकडलंच असेल. तशी नजर त्यांना लगेच कळते. लहानपणी सुट्टीत ती त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून गावोगाव जायची, गल्लीच्या तोंडाशी ते तात छेडायचे – टंग, टंग – आणि बाया रजया घेऊन दारात यायच्या. तो आवाज म्हणजे आपल्या बापाचं नाव, असंच तिला वाटायचं. मग शाळा आली. केसांत कापूस घेऊन वर्गात गेली की मुली म्हणायच्या, आली म्हातारी. सहावीत असताना बाजारात अब्बा समोरून येताना दिसले आणि ती दुकानात शिरली होती, पाठ करून उभी राहिली होती, तात वाजत दूर जाईपर्यंत. त्यांनी पाहिलं होतं का? वीस वर्षांत दोघांनी कधी विचारलं नाही. आणि आता तोच आवाज तिनं अर्जात लिहिला होता, चांगल्या इंग्रजीत... तेव्हा लपवला तो मीच, आता मिरवते तीही मीच. दोन्ही वेळेला त्यांना विचारलं कुठं?

नाही. अब्बांना ताप आहे म्हणून सांगायचं. आणखी एक खोटं, पण लहान, निरुपद्रवी, आठ दिवस मिळतील. तिनं लॅपटॉप स्टुलावर ठेवला, खिडकी उघडली, वाक्य इंग्रजीत मनाशी दोनदा म्हणून पाहिलं.

पडदा उजळला. इनेसचे पिकलेले आखूड केस, तिच्या दोन्ही बाजूंच्या चौकटींत एक बाई आणि एक दाढीवाला. नमस्कार झाले. "माझे वडील आज..." गझालानं सुरुवात केली, आणि मागून आवाज आला.

टंग.

अब्बांनी नाकावर रुमाल बांधला होता. डाव्या हातात पिंजण, उजव्यात तातेवर मारायचा लाकडी दस्ता. तात ढिगात बुडाली, दस्ता बसला, आणि गोळे झालेली ती जुनाट रुई अंगात वारं शिरल्यासारखी उठली. पुन्हा. पुन्हा. पहिले पाच-सहा ठोके चुकले, मग हात बसला – खांदा न हलवता फक्त मनगट, तात गुणगुणायला लागली, मधेच ठोका, मधेच गुणगुण, आणि खिडकीतून आलेल्या उन्हात रुई तरंगायला लागली. पडद्यावर तिघंही पुढं वाकली. अम्मी उंबऱ्यातून उठून निघून गेली. गझाला ठोके मोजत होती, एकतीस, बत्तीस, अब्बांच्या मानेची शीर फुगलेली, रुमाल आत ओढला जातोय, बाहेर येतोय – थांबवायला हवं, आत्ता, या ठोक्यानंतर – आणि तिचा हात पुढं गेला, आणि त्या हातानं लॅपटॉपचा पडदा किंचित तिरका केला. ऊन नीट दिसावं म्हणून.

ते थांबले तेव्हा घड्याळात चार मिनिटं झाली होती. दाढीवाला टाळ्या वाजवत होता. अब्बा खोकले नाहीत. तोंड मिटून, दस्त्यावर हात ठेवून बसले होते, आणि तो न खोकल्याचा आवाज फक्त तिलाच ऐकू येत होता.

इनेसनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं हळू विचारलं, "हे रोज करतात?"

"काय म्हणते ते बाई?" अब्बांनी रुमालामागून विचारलं.

"विचारतेय... रोज करता का."

"मंग सांग नं." दोन श्वास. "तू जे लिहिलं, तेच सांगजो."

सगळंच माहीत होतं तर. तिच्या डोळ्यांसमोर जमनीबाईंचं अर्धं भरलेलं कापड आलं, आरशांचे तुकडे, बाकीचं कोरं. मग तिनं आपलाच आवाज ऐकला, सपाट, वर्गात हजेरी घेतल्यासारखा: नाही. अकरा वर्षांनी आज केलं. त्यांची फुप्फुसं याच धुळीनं गेलीत. अर्जात मी खोटं लिहिलं.

मग संस्थेच्या बाईनं एक कोरडं वाक्य म्हटलं, आम्हाला आपसात बोलावं लागेल, सोमवारी कळवू. दाढीवाल्यानं मान खाली घातली. इनेस काहीतरी म्हणायला गेली आणि तेवढ्यात चौकटी मिटल्या.

आता अब्बा खोकले. खूप वेळ. तिनं पाठीवर हात ठेवला, दम्याचा पंप दिला, पाणी दिलं. अंगात दम परत यायला लागला तेव्हा तिला वाटलं, आता ते डोक्यावर हात ठेवतील. खरं बोलली म्हणून. तिनं डोकं थोडं खाली नेलंही असेल.

"काय सांगितलं तिले?" त्यांनी विचारलं. ती जे बोलली ते इंग्रजीत होतं, पण नाहीचा सूर त्यांना कळला होता.

तिनं सांगितलं. सगळं, शब्दाला शब्द.

ते पिंजणाकडे बघत राहिले. "हात बसला होता," ते म्हणाले, दख्खनीत नाही, वऱ्हाडीत नाही, कुठल्या भाषेत ते तिला नंतर आठवेना. "बराबर बसला होता. त्यांनी कारागीर पाह्यला होता. तुनं बिमार दाखवला."

"अब्बा, मी..."

"पिंजायला मी नाही म्हटलो होतो का? तू विचारलं होतं का?"

ते उठून, भिंतीला धरत, बाहेर ओट्यावर गेले. अम्मीनं त्यांच्यासाठी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. रुई अजून खाली बसली नव्हती. गझाला चटईवर तशीच बसून राहिली – सोमवार, इनेस, जमनीबाईंना काय सांगायचं, हे सगळं एकामागून एक येत होतं आणि कशालाच धार नव्हती. खरं बोलल्याचं हलकेपण येईल म्हणून ती थांबली, ते येईना. त्याच्या जागी दुसरंच काही होतं, आणि ते काय आहे हे कळलं तेव्हा तिचे कान तापले. तो हात पुन्हा बसलेला तिला ऐकायचा होता. कुणासाठी नाही, मेळ्यासाठी नाही... फक्त आपल्यासाठी. डॉक्टरचं माहीत असून, शीर फुगलेली पाहून, आणि तरीही. ओट्यावर श्वासाची शिटी मंद होत चालली होती, आणि ती कान देऊन बसली होती, आपण ती थांबायची वाट पाहतोय की पुन्हा एकदा त्या तातेची, हे स्वतःला विचारायचं धाडस न करता.